सरवा

रात्रीचे पावणेदोन. मांडवाचे बांबू अंगणात आडवे,
सकाळी धाकट्याची हळद.
मी धाब्यावर, कारण रेंज तेवढीच.
मांडीवर लॅपटॉप, बुडाखाली पांढरी माती,
आणि सदतीस हजार किलोमीटर उंच
आमचं यान स्वतःची जागा विसरलेलं.

शिडीवरून बाबा आले, हातात बॅटरी.
"काय हारपलं?"
यान नाही हारपलं. आपण कुठं आहोत ते त्याला कळेना.
"मंग हारपलंच म्हना."

उकंडराव भगत, निवृत्त भूकरमापक, दारव्हा तालुका.
बत्तीस वर्षं शंकू, साखळी, टिपण,
आणि दोन बांधांच्या मधली शिवीगाळ.
यांच्यापुढे थातूरमातूर चालत नाही.

म्हणून सांगत बसले:
वीस हजारांवर दिशादर्शक उपग्रह फिरतात,
प्रत्येकाचं एकच पालुपद,
मी इथे आहे, आणि आत्ता इतके वाजलेत.
आवाज पोचायला लागला वेळ, त्यावरून अंतर.
अंतरं जुळली की जागा.

"मंग घ्या न मोजून."

पण ते जमिनीकडे तोंड करून बोलतात, बाबा.
आमचं यान त्यांच्याही वर, पाठीशी.
त्याला ऐकू येतो तो पृथ्वीपल्याडचा एखादा,
तिच्या कडेला घासून
जे बोलणं बाहेर सांडतं, तेवढंच.

बाबांनी बॅटरी विझवली.
"म्हंजे सरवा येचते तुमचं यान."

हो. सरवाच.
त्यात तो आवाज गोंगाटाच्याही तळाशी.
पण प्रत्येकाची चाल पाठ असते आम्हाला,
ती सरकवत राहायची, ताडून पाहायची, जुळेपर्यंत.
दिग्रसच्या बाजारात एवढ्या कालव्यात
आई तुमचं खाकरणं ओळखायची, तसं.

यावर ते काही बोलले नाहीत.

पडद्यावर आकडा: दोन.
हवेत चार.
"चार कशाले? तीनात व्हाले पायजे."
तीन जागेसाठी. चौथा आपल्या घड्याळासाठी.
त्यांची घड्याळं अणूंवर चालतात, आमचं साधं.
ते किती चुकतं हे त्याचं त्याला कळत नाही,
तेही दुसऱ्यालाच विचारावं लागतं.

खूप वेळाने, अंधारातून:
"लोहीच्या शिवारात गोटा गेलता एकदा.
दोन खुनांवरनं जागा काढली, देल्ली खुटी ठोकून.
मनात आलं, तिसरी लावून पाहू. जुळेना.
भाऊ एकमेकाले चोर म्हनत होते,
अन् कडी माह्याच साखळीची ताणलेली."
थांबले. "तुमचं आभाळ हाय म्हनून चार.
आमचं सपाट, तिसऱ्यात धरलो गेलो."

तोवर काय करते ते?
तोवर हिशोबावर चालतं, बाबा.
पृथ्वीची ओढ, चंद्राची थोडी, उन्हाचा बारीक धक्का,
कुठं असायला हवं ते मांडत जायचं.
एखादा आवाज आला की तेवढं सावरायचं.
नाही आला, तर शंकेचं वर्तुळ वाढत जातं.
"आता केवढं हाय?"
दारव्ह्यापासून यवतमाळपर्यंत.
"लयच झालं," ते म्हणाले, आणि माझ्या पायावर
स्वतःचा दुपट्टा टाकला.

पृथ्वीआडून तिसरा निघाला.
मग बराच वेळ कुत्री.
मग चौथा.

वर्तुळ तालुक्याचं गाव झालं, गावाचं अंगण.
खाली एका ओळीत घड्याळाची चूक, नऊ दशांशांपर्यंत.
बाबा चष्मा वर करून ती ओळ वाचत होते,
बाकी काही नाही, तेवढीच.

त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सात मिनिटं पुढे,
मी शाळेत होते तेव्हापासून.
दुरुस्त का करत नाही?
"ठाऊक हाय न किती चुकते ते."

खाली कुणीतरी चूल पेटवायला उठलं,
किती वाजले, म्हणून ओरडलं.
बाबांनी मनगट डोळ्याजवळ नेलं,
ओठांतल्या ओठांत वजाबाकी केली,
आणि वेळ सांगितली.